बैठकीतला धबधबा

कौशल्याबाई महल्ल्यांच्या बैठकीत एक धबधबा होता. अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या गल्लीत, जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं आणि उन्हाळ्यात ते आल्याची बातमी घरोघरी सांगावी लागते, तिथे भिंतभर हिरवंगार बांबूचं बन होतं, त्यातून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी होतं आणि त्या पाण्याला तोंड लावायच्या बेतात असलेलं एक हरीण होतं. इतकी वर्षं झाली, हरणाची तहान काही भागली नव्हती.

भिंतीला चिकटवायचा हा कागद आला लेकाच्या, गजेंद्रच्या लग्नात. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, अशी म्हण आहे. लग्नासाठी घर पाहावं झाकून, हे तिच्यात घालायचं जुन्या माणसांना सुचलं नाही. भिंतीचे पोपडे निघाले होते, पाहुणे नागपूरकडचे होते, साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो बैठकीतच निघणार होते. कागदवाला चोपडी घेऊन आला आणि कोणता निसर्ग हवा असं विचारू लागला. गजेंद्रला वाटलं, होणाऱ्या बायकोला हा आवडेल. बायकोच्या माहेरच्यांना वाटलं, महल्ल्यांच्या घरी अशीच आवड आहे. कौशल्याबाईंना वाटलं, लेकाची हौस आहे, आपण कशाला बोला. अशा रीतीने कोणालाही न आवडलेला धबधबा सर्वानुमते भिंतीवर चढला.

त्याआधी ती भिंत फिरोजी रंगाची होती आणि तिच्या मधोमध मीटर होतं.

मीटर बैठकीत मधोमध कशाला, असं पुण्याकडच्या माणसाला वाटेल. पण घर कौशल्याबाईंचे यजमान महादेवराव यांचं होतं आणि महादेवराव वीज मंडळात मीटर रीडर होते. धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातून, भावांच्या वाट्याला आपली जमीन सोडून, ते या नोकरीवर आले आणि जन्मभर लोकांच्या घरांत शिरून, मान वर करून, आकडा लिहून बाहेर पडले. जिन्याखाली, मोरीजवळ, देवघराच्या मागे, कपाटाच्या वर, मीटर कुठंकुठं लपवतात ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून स्वतःचं घर बांधताना त्यांनी गवंड्याला सांगितलं, "आपलं मीटर दारातून दिसलं पाह्यजे. आपल्या घरी लपवाले काय हाये?"

लाकडी पाटी, तिच्यावर काळी बटनं, आणि काचेमागे फिरणारी चकती. घरात इस्त्री लागली की चकती धावायला लागायची आणि महादेवराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "चकती पळून राह्यली. कोन करून राह्यलं इस्त्री?" गजेंद्रची अर्धी शाळा सुरकुतलेल्या सदऱ्यात गेली. दुपारी सगळे झोपले, पंखा तेवढा चालू राहिला, की चकती सावकाश फिरे आणि तिच्यावरची लाल खूण पुन्हापुन्हा समोरून जाई. कौशल्याबाई तांदूळ निवडत तिच्याकडे बघत बसत. घर चालू आहे, एवढं त्यातून कळायचं.

मग मंडळानं मीटरं घराबाहेर, फाटकाजवळ नेली. चकती गेली, आकडे लुकलुकणारी डबी आली. पाटी भंगारात गेली आणि वर्षभरात धबधबा आला.

महादेवराव विसरायला लागले ते आधी नावं. मग नाती. यात घरच्यांना फार नवल वाटलं नाही, कारण नात्यांच्या बाबतीत ते पहिल्यापासूनच कच्चे होते; कोणाचा साळा कोण हे त्यांना बायकोच सांगायची. घाबरण्यासारखं झालं ते धबधब्यापासून. एके दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून अतिशय अदबीनं म्हणाले, "बाई, तुमचा नळ चालू राह्यला वाटते. पानी वाया जाऊन राह्यलं."

कौशल्याबाईंनी नळ बघितला. कोरडा. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि पाठोपाठ हेही लक्षात आलं की नवरा आपल्याला "बाई" म्हणाला. लग्न झाल्यापासून "अवं" आणि पोरगा झाल्यावर "गजूची माय", याखेरीज त्यांनी काही ऐकलेलं नव्हतं. "बाई" ते गिऱ्हाइकांना म्हणायचे. बाई, मीटर कुठं हाये. बाई, जरा खुर्ची द्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते उठत, खुंटीवरची पिशवी खांद्याला लावत आणि म्हणत, "चाला, येतो बाई. चहा चांगला होता."

"कुठं निंगाले?"

"घरी. घरचे वाट पाह्यत असन."

घरचे, म्हणजे कौशल्याबाई, चुलीपुढून उठत, पायात चप्पल सरकवत आणि सोबत निघत. ही त्यांची युक्ती होती. फाटकातून बाहेर, ट्यूशन क्लासपुढच्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत, किराणा दुकानाला वळसा घालून परत त्याच फाटकात. "हे पाहा, आलं आपलं घर." सुरुवातीला हे खपलं. फाटक त्यांना ओळखीचं वाटे, पायरीही. पण दारातून आत पाऊल पडलं की समोर बांबूचं बन. "हे आपलं नोहे," ते म्हणत. "कोनाच्या घरात आनलं तुमी मले?"

आणि त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही.

एकदा कौशल्याबाई अंघोळीला गेल्या असताना ते एकटेच गेले. राजापेठच्या चौकात एका भाजीवालीनं त्यांना ओळखलं आणि वांग्यांच्या पोत्यावर बसवून ठेवलं. ही गोष्ट अकोल्याला गजेंद्रच्या कानावर गेली. गजेंद्र तिथं फ्लॅटमध्ये राहत होता, चौथ्या मजल्यावर, खाली चौकीदार. त्यानं फोन केला तो ठरवूनच.

"आई, आता बस झालं. या रविवारी गाडी घेऊन येतो. बाबांले आन् तुले, दोघायलेही नेतो. ते घर देऊन टाकू भाड्यानं."

"अरे, त्यायले इथंच सुधरत नाही, तिथं काय सुधरन?"

"तिथं चौकीदार हाये ना."

"मंग तुह्या बापाले चौकीदारापाशी ठेवतं काय?"

गजेंद्र म्हणाला, "आई, त्यांना ते घर घर वाटतच नाही. मग अमरावती काय आणि अकोला काय?" रागावला की तो पुस्तकातलं बोलतो, आणि पुस्तकातलं बोलला की त्याला उत्तर देता येत नाही.

कौशल्याबाईंनी फोन ठेवला. भाड्यानं द्यायच्या त्या घराच्या विटांवर त्यांनी स्वतः पाणी मारलं होतं, गजू पोटात असताना. पण डोक्यात राहिलं ते दुसरंच वाक्य. त्यांना ते घर घर वाटतच नाही.

शेजारच्या माणिकबाई दळण घेऊन जाताना टेकल्या. माणिकबाईंचा सल्ला कोणी मागत नसे. तशी गरजच कधी पडली नव्हती.

"माय वो, एवढं मोठं जंगल लावून ठेवलं तुमी भिताडाले. त्यायले काहून घर वाटन? जंगलात कोन राह्यते?"

"कोन राह्यते?"

"वाघ राह्यते. नाही त साधू. महल्ले भाऊ दोन्हीतले नोहेत."

माणिकबाई हसल्या आणि डबा उचलून गेल्या. कौशल्याबाई हसल्या नाहीत. त्या धबधब्याकडे बघत बसल्या. म्हणजे त्याच्या मागे भिंत आहेच की. फिरोजी भिंत तशीच उभी आहे आणि आपण इतके दिवस माणसाला समजावत बसलो. माणसाला कशाला समजवायचं? भिंतीलाच मोकळं करावं. रविवारच्या आत.

सोफ्यामागच्या कोपऱ्यात, जिथे ओलीनं कागद आधीच फुगला होता, तिथं त्यांनी नख घातलं. वरचा गुळगुळीत पापुद्रा टर्रकन निघाला. हातात बांबूची दोन पानं आली आणि भिंतीवर मागचा पांढरा कागद तसाच राहिला. कागदवाल्यानं खळ लावताना हात आखडला नव्हता. अमरावतीत टिकाऊ कामं क्वचित होतात, आणि झाली की नको तिथं होतात. त्यांनी गरम पाणी केलं, त्यात भांड्याचा साबण घातला, जुन्या पातळाचा बोळा बुडवून भिंतीवर दाबून धरला. कागद भिजून मऊ झाला की भाजी परतायच्या सराट्यानं खरवडायचा. साईसारखी वळी निघे. कधी वळीबरोबर पोपडाही येई आणि खालची रेती पायावर पडे. पण मधूनमधून, गालावरच्या पावडरीसारखा पुसट का होईना, फिरोजी दिसू लागला.

महादेवराव दिवाणावरून बघत होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "बाई, मालकाले इचारलं काय?"

"इचारलं."

"काय म्हने?"

"म्हने, काढा."

"मंग ठीक." ते उठले, सराट्याकडे हात केला. "द्या इकडे. तुमचा हात नाही पुरत तिथं."

आणि ते खरवडायला लागले. जपून, कडेकडेनं, जुनं तिकीट पाकिटावरून सोडवावं तसं. संध्याकाळ झाली. कौशल्याबाईंनी लाइट लावला, त्यांनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. चहा प्याले, परत सराटा घेतला. दिवेलागणीची वेळ निघून गेली. कौशल्याबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि त्यांना एकदम रडू आलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं ते माणिकबाईंना, आणि मग गल्लीला.

दुसऱ्या दिवशी मात्र महादेवरावांनी सराट्याला हात लावला नाही, आणि तिन्हीसांजेला पिशवी खांद्याला लावली. "येतो बाई. काम बाकी हाये तुमचं." कौशल्याबाईंनी ओल्या हातानंच चप्पल घातली आणि गल्लीला फेरी मारली. त्यांनी मनाला सांगितलं, अजून अर्धी भिंत झाकलेलीच आहे. अर्ध्या भिंतीला कोण घर म्हणेल?

शुक्रवारी गजेंद्रचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा भिंतीकडे होता. धबधबा वरून तुटला होता, बांबू कमरेतून गेले होते आणि मध्ये राहिलेल्या तुकड्यात हरणाचं नुसतं डोकं होतं.

"आई! हे काय करून ठेवलं तू?"

"तुह्या बापाचं घर काढून राह्यली बाहेर."

"अवं पण लग्नातला कागद होता तो. रागिणीनं एवढ्या हौसेनं..."

मागून सून रागिणीचा आवाज आला, कणीक मळता मळता बोलत असावी. "मी कुठं हौसेनं? मला तर तो हॉटेलसारखा वाटायचा. मला वाटलं, आईंचा आहे."

"माहा?" कौशल्याबाई म्हणाल्या. "मी त तुहा समजत होती."

दोघींनी गजेंद्रकडे बघितलं. गजेंद्र म्हणाला की नेट बरोबर चालत नाही, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत पोचतो.

शनिवारी दुपारी फक्त मधला भाग राहिला. तो कौशल्याबाईंनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, जेवताना लोणच्याची फोड ठेवावी तसा. तिथं मीटर होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ते होतंच. तीस वर्षं त्या पाटीच्या कडेनं त्यांनी ओलं फडकं फिरवलं होतं, काचेवरची माशी उडवली होती. बोळा दाबून धरला, सराटा घातला, हरणाचं डोकं अलगद सुटून खाली पडलं.

आत सिमेंटचा एक करडा चौकोन होता. रंग नाही, काही नाही. चार कोपऱ्यांना लाकडी गुट्ट्या ठोकलेल्या, त्यातली एक वाळवीनं खाल्लेली, आणि वर वायरचा नळा, तोंडाशी कापलेला.

पाटी काढून भंगारवाल्याला कौशल्याबाईंनीच दिली होती. मीटर गेलं हे त्यांना माहीत होतं, रोज फाटकाजवळ नवं मीटर दिसत होतं. आणि तरी चार दिवस भिंत खरवडताना, कागद निघाला की चकती फिरताना दिसेल, असं त्या धरून चालल्या होत्या. माणूस स्वतःला किती दिवस काय सांगत राहतो, याला काही मीटर नाही. एका घरात दोघं विसरत होते; औषध एकालाच चालू होतं.

मागून महादेवराव आले. त्यांच्या चालण्यात काही तरी निराळं होतं. पाय ओढत नव्हते. ते भिंतीपुढे उभे राहिले, मान वर केली, आणि ही मान कौशल्याबाई ओळखत होत्या. खाकी पँटीतली, सायकलवरची. महादेवरावांनी चौकोनावरून हात फिरवला. गुट्ट्या चाचपल्या. वायरच्या नळ्यात बोट घालून बघितलं. फिरोजी रंगाकडे, छताकडे, दाराकडे पाहिलं.

"वळखलं?" कौशल्याबाई पुढे सरकल्या. "वळखलं काय वो? आपली भिंत हाये. तुमी मीटर लावलं होतं इथं. तुमीच म्हने, दारातून दिसलं पाह्यजे."

महादेवराव वळले. डोळे स्वच्छ होते. इतके स्वच्छ गेल्या वर्षभरात नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "इथलं कनेक्शन कापलं हाये."

"काय?"

"मीटर काढून नेलं. वायर कापली. कायम बंद." ते हळू आवाजात, समजावणीनं बोलत होते, बिल थकलेल्या म्हातारीशी बोलावं तसं. "या घरात कोनी राह्यत नाही."

कौशल्याबाई खाली बसल्या. पायाशी हरीण भिजून पडलं होतं. चार दिवसांची मेहनत, नखं फुटलेली, कंबर धरलेली, आणि माणसानं शेवटी घर तपासून शेरा मारला. एवढा पक्का शेरा त्यांनी नोकरीतही कधी मारला नसेल. बाहेर ट्यूशन सुटली, गाड्या फुरफुरल्या. ऊन उतरत होतं. आता ते पिशवीकडे जातील. आणि उद्या गाडी येईल.

महादेवराव गेलेही पिशवीकडे. तेव्हा कौशल्याबाई बोलल्या, ते ठरवून नाही. चिडून बोलल्या.

"कोनी राह्यत नाही त मंग जाता कावून? बसा ना इथं. कोन हाकलते आपल्याले?"

खुंटीपाशी महादेवराव थांबले. या मुद्द्याचा त्यांनी विचार केला. लोकांच्या घरात जन्मभर दारातच उभं राहिलेला माणूस; मालक येईल, विचारेल, कोण तुम्ही, ही धास्ती त्यांच्या अंगात होती. मालकच नाही म्हटल्यावर धास्तीला जागा उरेना.

"हे बरोबर हाये," ते म्हणाले. त्यांनी पिशवी सोडली आणि दिवाणावर बसले. बसताना थोडं सरकून जागा केली. "तुमीही बसा, बाई. थकल्या असान."

अंधार पडत आला तशा कौशल्याबाई सवयीनं उठल्या आणि बटनाकडे हात नेला. महादेवरावांची नजर त्या हातावर होती. कौशल्याबाईंच्या ध्यानात आलं. कापलेल्या कनेक्शनवर दिवा लागला तर ती चोरीची वीज. महादेवरावांनी सख्ख्या मावसभावाचा आकडासुद्धा तारेवरून उतरवला होता. दिवा लागला की ते उठतील, कागद मागतील, पंचनामा करतील आणि निघतील.

त्यांनी हात मागे घेतला. देवापुढचं निरांजन लावलं, ते आणून खिडकीत ठेवलं. खोलीत रंग कोणता आहे ते कळेनासं झालं.

रविवारी गजेंद्र आला तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीतली सगळी घरं उजळलेली, एक आपलं काळं. तो फाटकापासून जवळजवळ धावतच आला. दार उघडं होतं. आत निरांजनाच्या उजेडात दिवाणावर दोन आकृत्या शेजारी बसल्या होत्या, बाकावर गाडीची वाट बघणारी अनोळखी माणसं बसतात तशा, मध्ये अंतर ठेवून. पिशवी खुंटीवर होती.

"आई, लाइट गेली काय?" त्यानं भिंतीकडे हात नेला.

"बटन दाबू नको."

"कावून?"

"कनेक्शन कापलं हाये म्हनून."

"कोनं कापलं? फाटकापाशी मीटर त चालू..."

"गजू." कौशल्याबाईंनी त्याचं नाव एवढंच घेतलं. लहानपणी इस्त्री लावताना सापडला की याच आवाजात घेत.

गजेंद्रनं हात खाली घेतला. डोळे अंधाराला सरावले तशी त्याला भिंत दिसली, तिच्यावरचा करडा चौकोन दिसला, आणि आईची पट्ट्या बांधलेली बोटं दिसली. खिशातली गाडीची किल्ली त्यानं मुठीत धरली होती, ती तशीच राहिली. बोलायचं ठरवून आलेलं काही त्याला आठवेना. ते या घरात आता नवल राहिलं नव्हतं.

महादेवराव त्याच्याकडे पाहत होते. माणूस भला दिसत होता, लांबून आलेला, दमलेला. ते दिवाणावर थोडे सरकले आणि मधली जागा त्यांनी हातानं झटकली.

"या, बसा," ते म्हणाले. "लाजू नका. इथं कोनी राह्यत नाही. आमी दोघंच हाओ."